एका झाडाचं जंगल

रुकय्या,

तुझ्याशी बोलायला बसले की आधी माझा मूर्खपणाच आठवतो. तर तोच सांगून टाकते. नाहीतर तू मध्ये तोंड घालून सांगशील, आणि तुझ्या तोंडून ऐकताना मी दर वेळी आदल्या वेळेपेक्षा थोडी जास्तच बावळट असते.

तेव्हा आपण नुकत्याच एम.एस्सी. झालेल्या, नव्याकोऱ्या संशोधक. तू नद्या आणि वाळू बघायचीस, मी परागकण. फुलातली ही पिवळी धूळ चिखलात हजारो वर्षं टिकते, तिच्यावरून त्या जागी पूर्वी कोणती झाडं होती ते ओळखता येतं, हे मी भेटेल त्याला ऐकवत सुटायची, एसटीच्या कंडक्टरलासुद्धा. कमरेपर्यंत केस होते. त्यांचा तोरा विद्येच्या तोऱ्यापेक्षा मोठा. आपल्या खाडीत चिखलाचे थर अखंड वर काढायला ओहोटीला पहिल्यांदा नळी ठोकायची होती, त्या दिवशी निघताना तुझ्या आईनं परसातल्या सुरंगीचा गजरा करून माझ्या वेणीत माळला. सुरंगी म्हणजे नुसता वास नव्हे. तिच्या फुलातून पिवळा भुगा इतका झडतो की संध्याकाळी मान हळदीनं माखल्यासारखी दिसते. अशी मी, मान पिवळी करून, दिवसभर त्या नळीतल्या काळ्या चिखलावर वाकून सुरीनं त्याचे तुकडे पाडत होते आणि पिशव्यांत भरत होते. परागकणांची अभ्यासक! डोक्यात फुलं माळून!

पुढं सूक्ष्मदर्शकाखाली एका थरात सुरंगीचे परागकण दिसले. ढीगभर. त्या थराच्या वर एक नाही, खाली एक नाही. शहाण्या माणसाला इथं शंका आली असती. मला जंगल दिसलं. विभागातल्या सगळ्यांसमोर मी उभी राहिले, फळ्यावर हिरव्या खडूनं खाडी काढली आणि ठणकावून सांगितलं की काही हजार वर्षांपूर्वी या काठाला सुरंगीचं घनदाट जंगल होतं. सर माना डोलावत होते. आणि शेवटच्या बाकावरून तू उठलीस.

"सर, हे जंगल मी पाहिलंय," तू म्हणालीस. "आमच्या परसात आहे. एकच झाड आहे."

सर चष्मा काढून हसले. त्यांना तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी खडू टाकून बाहेर पळाले ती थेट प्रयोगशाळेमागच्या पायरीवर. तिथं तू माझ्यामागून आलीस आणि काहीतरी बोललीस. ते शेवटी सांगेन. आधी भांडण.

कारण तुझ्या शोकसभेला मी भांडूनच आले आहे.

शहरात, आपल्या जुन्या विभागात, तुझा फोटो ठेवला होता. फोटोत तू हसतेयस, म्हणजे तो फोटो काढताना कुणीतरी दुसरं चुकलं असणार. एकेक जण उठून बोलला. मॅडम मितभाषी होत्या. मॅडम सगळ्यांच्या आईसारख्या होत्या. मॅडमनी कधी कुणाला दुखावलं नाही. रुकय्या, मी बाजूला बघितलं, मला वाटलं चुकून दुसऱ्याच कुणाच्या सभेला आले की काय. तुझ्यापुढं प्रबंध ठेवायच्या आधी जे तीनदा दारातून परत फिरायचे तेच हे. एकाला तर तू सांगितलं होतंस की तुझी नदी चढावर वाहतेय, जरा बघ. तो आज टाय लावून म्हणत होता, मॅडमचा स्वभाव मऊ होता.

अध्यक्षांनी मला बोलायला बोलावलं, कारण मी म्हातारी आणि मी 'जवळची मैत्रीण'. मी म्हटलं, "ही बाई भांडखोर होती. माझ्याशी जवळजवळ पन्नास वर्षं भांडली. तिनं भर सभेत माझं हसं केलं आणि त्याबद्दल कधी माफी मागितली नाही. ती मऊ असती तर मी आज इथं नसते, कुठल्यातरी शाळेत भूगोल शिकवून रिटायर झाले असते. तिच्याबद्दल खोटं बोलायचं असेल तर निदान ती उत्तर देऊ शकत होती तेव्हा तरी बोलायचं होतं." आणि जागेवर येऊन बसले. चहाच्या वेळी टायवाला माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, माझी नदी खरंच चढावर वाहत होती." मग मला त्याचा राग राहिला नाही.

चहा पितानाच मला दुसरी गोष्ट कळली. कुणीतरी सहज म्हणालं, तुमच्या त्या खाडीत भराव पडणार म्हणे, पावसाआधी. समुद्रावर येणाऱ्या गाड्या लावायला जागा आणि रस्ता. नाहीतरी चिखलच आहे तिथं.

नाहीतरी चिखलच.

आता वाचणाऱ्यांना कळावं म्हणून आपलं भांडण सांगते. तुला पाठ आहे, तू जरा गप्प बस.

खाडीच्या तोंडाशी त्या काळ्या चिखलात हातभर खाली वाळूची एक रेघ आहे. चार बोटं जाड, फुटक्या शिंपल्या मिसळलेली. माझे परागकण सांगतात की त्या रेघेच्या खाली सगळं रान आहे: डोंगरउतारावरची झाडं, काठाला खाऱ्या चिखलात वाढणारी तिवरं. रेघेच्या वर रान जवळजवळ संपतं आणि गवत सुरू होतं, भाताच्या जातीचं. त्यात कोळशाचे कण. म्हणजे काय झालं? मी म्हणाले, माणसं आली, त्यांनी रान तोडलं, जाळलं, उघड्या डोंगरावरची वाळू नदीनं खाली आणून टाकली. तू म्हणालीस, चल हट. ही नदीची वाळू न्हाय. एके दिवशी समुद्र आत घुसला, वाळू टाकून गेला, रान खाऱ्या पाण्यानं मेलं. माणसं आली ती मागाहून, मोकळी जमीन बघून.

झालं. एवढ्यावर आपण आयुष्य काढलं. नवऱ्यांनी ऐकलं, मुलांनी ऐकलं, बोर्लीच्या बाजारात कोळणींनी ऐकलं. एकदा तर तू माझ्या मुलाच्या लग्नात, पंगतीत, पानातल्या भातावर वरण ओतून नदी दाखवलीस आणि मिठाचा ढीग करून समुद्र. व्याही बघत राहिले.

इतकं का भांडत होतो ते मात्र आपण कुणाला सांगितलं नाही. मी आज सांगते. तुझे वडील गलबतावर होते, त्यांचे वडील गलबतावर होते, आणि तुमच्या घरी समुद्रानं दोन माणसं ठेवून घेतली. समुद्र एका दिवसात काय करू शकतो ते तुला शिकवायची गरज नव्हती. आणि माझे आजोबा दुसऱ्याच्या खार जमिनीचे बांध घालायचे. भरतीचं पाणी भातात शिरू नये म्हणून चिखलाचे गोळे काढून एकावर एक रचायचे, जन्मभर. जमीन दुसऱ्याची, भात दुसऱ्याचं, चिखल तेवढा त्यांचा. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा म्हणे हात धुवून गेले होते, तरी नखांत चिखल होताच. आमच्या माणसांचं नाव सात-बारावर नाही, देवळाच्या शिळेवर नाही. मला वाटायचं, निदान त्या चिखलात तरी असावं. कुणीतरी आलं, कुणीतरी हातानं काही केलं, एवढं तरी दिसावं. म्हणून मला नदी पाहिजे होती. नदी म्हणजे माणसं.

हे मी तुला कधीच बोलले नाही. तू ओळखलंस. एकदा, आठवतं का, मिठागराच्या बांधावर आपण पाव-बटाटा खात बसलो होतो, चिखलाच्या हातांनी, आणि तू म्हणालीस, "शेवंते, तू तुज्या आज्याला शोधतंस चिखलात. शोध. पन सगळा माणसानंच केलान असा समजू नको. तो पन गर्वच हाय." मला इतका राग आला की मी उरलेला पाव निवट्यांना टाकला. खाडीतल्या त्या उड्या मारणाऱ्या माशांनी तो खाल्ला नाही. तू म्हणालीस, त्यांना पन तुजा म्हनना पटला न्हाय.

भांडणाचा निकाल लावायची युक्ती सोपी होती, तूच काढलेली. खाडीच्या वरच्या अंगाला, पहिल्या मोठ्या वळणापाशी, आणखी एक नळी टाकायची. वाळू नदीनं आणली असेल तर रेघ वर जाताना जाड होत जाईल. समुद्रानं आणली असेल तर बारीक होत जाईल. पोरालाही कळेल असं. आणि एवढं सोपं असूनही आपण ते केलं नाही. आधी तिथं तिवरांची इतकी दाटी की पाय ठेवायला जागा नव्हती. मग तुझा गुडघा. मग माझा गुडघा. मग परवानगीचे कागद. मग पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. आता वाटतं, दोघींनाही निकाल नको होता. निकाल लागला की बोलायचं काय?

आपल्या तरुणपणी आपण अशा थांबत नव्हतो. चिखलात मुलींचं काम नाही असं सर म्हणाले तेव्हा तू त्यांना विचारलंस की सर, चिखलाला कसं कळतं? एका गावात राहायला खोली मागितली तर घरमालक दारातच म्हणाला, "आडनाव काय तुमचं?" माझं आडनाव ऐकलं असतं तर त्यानं दार लावलं असतं, तुझं ऐकलं असतं तर कडी घातली असती. तू गुडघ्यापर्यंत माखलेले पाय पुढं केलेस आणि म्हणालीस, "हे आडनाव. घासून बघा, निघतंय का." खोली मिळाली नाहीच. रात्र शाळेच्या व्हरांड्यात काढली. पण त्या माणसाचा चेहरा! त्यावर आपण आठवडाभर हसलो. मी तेव्हा मनात घाबरलेली होते, हे आज कबूल करते. तुझ्याआड उभी राहून शूर दिसत होते, एवढंच.

शेवटी शेवटी तू बोर्लीच्या घरात खाटेवर होतीस, नाकाला नळी. मी श्रीवर्धनहून रिक्षानं यायची, पिशवीत वाडीतली ओली सुपारी, जी तुला डॉक्टरांनी बंद केली होती आणि जी मी उशीखाली सरकवायची. त्या दिवशी तू म्हणालीस, "नळी तुजी बघ कवा टाकतंस वळनावर. माजी तर हितं लावलीच हाय." आणि स्वतःच हसलीस, आणि खोकलीस. मी म्हटलं, "तू बरी हो, मग जाऊ." तू माझ्याकडं असं पाहिलंस, चुकीचा नकाशा आणलेल्या विद्यार्थ्याकडं पाहायचीस तसं. दोघींनाही ठाऊक होतं की मी खोटं बोलतेय. ज्या बाईनं जन्मभर मला एकही चूक माफ केली नाही, तिनं हे एक खोटं तसंच जाऊ दिलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं, दिवस किती थोडे उरलेत ते.

तुला नेलं तेव्हा मी ओटीवर बायकांत बसले होते. पुरुष गेले, आम्ही बायका राहिलो. परसातली सुरंगी नुकती उमलायला लागली होती. तुझी लेक नसीम माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी रडले नाही. मला संताप आला होता. ज्या बाईशी माझं भांडण अर्धं राहिलंय ती उठून निघून जाते म्हणजे काय? ही कुठली रीत?

म्हणून भरावाचं कानावर आलं तेव्हा मी ठरवलं. शोकसभेहून परत येताना मुलाला सांगितलं, मी खाडीत उतरणार. तो म्हणाला, "आई, तुझं वय काय, तुझे गुडघे काय?" मी म्हटलं, "वय खाडीचं बघ. माझं काय बघतोस?" त्यानं डॉक्टरांना फोन लावला. मी नसीमला लावला.

नसीम न्हावा शेव्याला कंटेनरचं काम बघते, हे तुला सांगायला नको. लहानपणी ती चिखलात पाऊल टाकायची नाही, कारण आई सदा चिखलात. मला वाटलं नाही म्हणेल. ती म्हणाली, "मावशी, टेन्शन नको. मी लीव्ह टाकतेय. पाइप कुठला लागतो ते बोल, मी आणते." आणि मग जरा थांबून, "पण अम्मीला हरवायला मी येणार नाय हां. मी अम्मीच्या साइडनं येतेय."

आली ती गाडी घेऊन, प्लास्टिकचा लांब पाइप टपावर बांधून, आणि हातात काय? परसातल्या सुरंगीचा गजरा. तिला वाटलं अम्मीची आठवण म्हणून मावशीला द्यावा. मी किंचाळले. "गाडीतच ठेव! काच लाव! हात धू, कोपरापर्यंत धू!" ती हसत सुटली. "मावशी, मला माहीत आहे. अम्मीनं अख्ख्या खानदानाला सांगितलंय. दुबईवाल्या मामूंनापण माहीत आहे." म्हणजे माझं जंगल समुद्रापार गेलं होतं आणि मला तू सांगितलं नव्हतंस. ठीक आहे. याचा हिशेब नंतर.

आम्ही खार जमिनीच्या बांधावरून चालत गेलो. आजोबांनी घातलेला बांध तो नसेलही. मी तोच समजून चालले. वळणापाशी लाल रंग दिलेले खांब रोवले होते, भराव कुठवर येणार ते दाखवायला. तिथं एक सुपरवायझर होता, छत्री घेऊन. दोन बायका, त्यातली एक सत्तरी ओलांडलेली, साडीचा काष्टा मारून चिखलात उतरताना बघून तो धावत आला.

"आज्जी, काय शोधताय? सोनंबिनं पुरलंय का?"

"व्हय," मी म्हटलं. "सासूचं."

"आज्जी, इथं भराव पडणार आहे पावसाआधी. आता इथं काय न्हाय, नुसता चिखल हाय."

"बाळा, तू जेवलास का आज? भात होता ना ताटात? तो या चिखलाचाच."

तो गरीब माणूस, त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. शेवटी छत्री बाजूला ठेवून पाइप ओढायला तोच आला. चिखल नळी सोडत नव्हता, तुला ठाऊक आहे कसा धरून ठेवतो. नसीमनं पाय रोवले, तिचा एक बूट खाडीनं घेतला तो घेतलाच. ती ओरडली, "अम्मी, सोड ना!" मग आम्ही तिघांनी एकदम जोर लावला. आणि नळी एका फुसक्या आवाजासरशी सुटली आणि मी मागं पडले, पाठीवर, आभाळाकडं तोंड करून, चिखलात. खूप वर्षांनी. उठावंसं वाटत नव्हतं.

घरी ओटीवर नळी उभी चिरली. वर काळा चिखल, खाली काळा चिखल. आणि मध्ये, जिथं असायला हवी तिथंच, वाळूची रेघ.

करंगळीच्या नखाएवढी.

खाडीच्या तोंडाशी चार बोटं, वळणावर एक नख. वर जाताना बारीक. नसीमला सांगावं लागलं नाही. तिनं एकदा रेघेकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि तोंडाला ओढणी लावली. हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही. मी म्हटलं, "एका नळीनं काही सिद्ध होत नाही." ती म्हणाली, "हे अम्मीचंच वाक्य आहे." आहेच. तुझंच वाक्य तुझ्यावर फेकायला मला काय लाज?

मग मी तो चिखल माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या प्रयोगशाळेत नेला. आमच्या कामात माती आम्लात उकळतात. सगळं विरघळतं, परागकणाचं कवच तेवढं उरतं. तू म्हणायचीस, शेवंते, तू पन तसलीच हायस, शिजतच न्हायस. त्या पोरीनं केस टोपीत बांधायला लावले आणि वर माझ्याकडं बघून हसली. म्हणजे तिलाही ठाऊक. रुकय्या, तू सोडलंस कुणाला?

काचपट्टीवर बघितलं. रेघेच्या खाली रान, तिवर, सगळं जागच्या जागी. रेघेत जवळजवळ काही नाही. आणि रेघेच्या वर लगेच, आधी नुसतं खारं गवत. मग थोडं वर, कोळशाचे कण आणि ते मोठे गोल परागकण, भाताच्या जातीचे. भातच असं छातीवर हात ठेवून सांगत नाही, गवतागवतात फरक करणं अवघड, पण तू आता तिथून मान डोलावशील. मी स्टूलवर बसून राहिले. या वेळी पडले नाही.

म्हणजे तुझंच खरं असेल तर ते असं. समुद्र एके दिवशी आत आला, सगळं मोडून टाकून गेला. खारवट, मेलेली, कुणालाच नको असलेली जमीन उरली. आणि त्या जमिनीत कुणीतरी उतरलं. चिखलाचे गोळे एकावर एक रचून समुद्राला सांगितलं, इथवरच. आणि भात लावला. माझे आजोबा रान जाळणाऱ्यांत नव्हते, समुद्रानं मोडलेलं परत उभं करणाऱ्यांत होते. इतकी वर्षं मी भांडत होते ते हे मिळू नये म्हणून! तू हे मला आधीच सांगू शकली असतीस. कदाचित सांगतच होतीस. मी ऐकत कुठं होते.

मेलेल्या माणसाचे आभार कसे मानतात मला माहीत नाही. जिवंतपणी एकदा मानले होते तर तू म्हणाली होतीस, बरं न्हाय का वाटत तुला? तेव्हा ते राहू दे.

पण हरले असं म्हणणार नाही. एक नळी म्हणजे एक नळी. वळणाच्याही वर, दुसऱ्या वळणाशी टाकायला हवी, तिथं रेघ आहे की संपली ते बघायला हवं. तिथं अजून लाल खांब पोचलेले नाहीत. भरावावर हरकती ऐकायला साहेब येणार आहेत. मी जाणार आहे, ही चिरलेली नळी काखेत घेऊन. टेबलावर ठेवून विचारणार आहे की साहेब, हा नुसता चिखल आहे का, बोट ठेवून सांगा. काल माझा मुलगा म्हणाला, "आई, एवढा मोठा भराव तुझ्या एका नळीनं थांबेल का?" मला माहीत नाही. आजोबांच्या गोळ्यानं समुद्र थांबेल हे तरी कुणाला माहीत होतं?

परवा तुझा चाळिसावा दिवस. नसीम म्हणाली, "मावशी, आता बस कर, अम्मी जिंकली." मी म्हटलं, "तुझ्या अम्मीला विचार, ती मला बस करू देईल का."

कारण त्या दिवशी, त्या पायरीवर, मी सुकलेला गजरा उपटून टाकावा तशी सगळी हिंमत उपटून टाकली होती. मी ठरवलं होतं की उद्या गावी जायचं, बी.एड. करायचं आणि परत सूक्ष्मदर्शकाचं तोंड बघायचं नाही. आतून अजून हसण्याचा आवाज येत होता. तू येऊन शेजारी बसलीस. सांत्वन केलं नाहीस, माफी मागितली नाहीस, पाठीवर हात ठेवला नाहीस. पायातली चप्पल काढून तिच्या तळाचा वाळलेला चिखल काडीनं खरवडत बसलीस. मी रडत राहिले तशी तू काडी टाकलीस आणि म्हणालीस:

"रडून झाला का? चल, उठ. चुकलीस तर चुकलीस, चिखल काय पलून जात न्हाय. उद्याच्या ओहोटीला परत जाव. फक्त फुला घरी ठेव."